संग्रहालयात परत परत कोण येतं आणि का : प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

आजपासून नोंदी सुरू. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, विषय अखेर पास झाला, लोक संग्रहालयात नियमित का येतात. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "अगं पण आपल्या खान्देशात नियमित जातं कोण?" मी म्हटलं मॅडम तेच तर शोधायचंय. एकदा जाऊन येणं वेगळं, शाळेच्या सहलीत सगळेच कुठे ना कुठे जाऊन आलेले असतात, पण जो माणूस आपल्या पायाने तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा त्याच दारातून आत जातो त्याला तिथे काय मिळतं हे मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण मी स्वतः त्यातली आहे. चौथीत असताना पप्पा मला धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेले होते. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं, हे पप्पांनी मला दारातच उभं राहून सांगितलं होतं. तिथल्या संग्रहालयातल्या मूर्तींपेक्षा ते सांगणंच जास्त लक्षात राहिलं. तेव्हापासून मी कितीदा गेले मोजलेलं नाही.

एक नियम आजच ठरवला. ज्या तीन ठिकाणी मी लोकांशी बोलणार त्यांची नावं नोंदीत लिहायची नाहीत, अ, ब, क एवढंच. लोक मोकळं बोलतात, कधी तिथल्या कारभाराबद्दलही बोलतात, उगाच कुणाला त्रास नको.

८ डिसेंबर

'अ' मध्ये पहिला दिवस. छापील फॉर्म घेऊन गेले, वर प्रश्न "आपण संग्रहालयात का येता?" आणि खाली सहा पर्याय. नऊ जणांनी भरून दिला आणि नऊच्या नऊ जणांनी "ज्ञान मिळवण्यासाठी" वर टिक केली. मला आधी आनंद झाला, की चला काहीतरी दिसतंय. मग शेवटचे एक काका फॉर्म देऊन तिथेच पायरीवर बसले, गप्पा निघाल्या तर कळलं की त्यांची एसटी दोन तासांनी होती, स्टँडवर बसायला जागा नव्हती आणि इथे सावली असते, गार असतं, पाणी असतं. दर महिन्याला शहरात दवाखान्याचं काम असतं, ते झालं की इथे येतात. म्हणजे हा माणूस वर्षातून बारा वेळा येतो! आणि फॉर्मवर काय, ज्ञान.

काका खोटं बोलले नाहीत. फॉर्मने जे विचारलं त्याला जे शोभेल ते त्यांनी दिलं. "का" विचारलं की माणूस चांगलं दिसणारं कारण शोधतो, आपण पाहुण्यांसमोर चांगला कप काढतो तसं. घरी येऊन फॉर्म बाजूला ठेवला. आता प्रश्न असे, मागच्या वेळी कधी आला होता, सोबत कोण होतं, आत गेल्यावर पहिल्यांदा कुठे गेलात, किती वेळ थांबलात, बाहेर पडून कुठे गेलात. कारण विचारायचंच नाही, झालेली गोष्ट विचारायची.

१२ डिसेंबर

वाचन. दोन माणसांचं काम फार उपयोगाचं निघालं.

एक मेरिलिन हूड. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, तिथल्या कलासंग्रहालयासाठी तिने काम केलं, लेख १९८३ चा. तिने संग्रहालयाच्या दारात उभं न राहता गावातल्या सर्वसाधारण लोकांना विचारलं, तुमचा मोकळा वेळ तुम्हाला कसा घालवायला आवडतो. सहा गोष्टी काढल्या, आपल्या माणसांसोबत असणं, काहीतरी चांगलं केल्याचं समाधान, त्या जागी मोकळं वाटणं, नवीन अनुभव, शिकायला मिळणं आणि स्वतः हाताने काही करायला मिळणं. वर्षात तीनदा किंवा जास्त येणारे गावात १४ टक्के, कधीतरी येणारे ४० आणि अजिबात न येणारे ४६. नेहमी येणाऱ्यांना नवीन अनुभव, शिकणं आणि समाधान महत्त्वाचं, बाकीच्यांना आपली माणसं, मोकळेपणा आणि हाताने करणं. मला सगळ्यात जास्त अडवलं ते पुढच्या गोष्टीने. कधीतरी येणारा माणूस हा नेहमी येणाऱ्यासारखा थोडा कमी उत्साही असा नसतोच, त्याची आवडनिवड न येणाऱ्याशी जुळते. म्हणजे त्याला "अजून थोडं जास्त" देऊन तो नियमित होणार नाही, त्याला वेगळंच काहीतरी हवंय.

दुसरे जॉन फॉक. ते म्हणतात वय, शिक्षण, पगार यावरून कळत नाही, त्या दिवशी माणूस कोणत्या भूमिकेत आलाय ते बघा. कुतूहल म्हणून आलेला, दुसऱ्याला घेऊन आलेला, "बघून झालं" म्हणायला आलेला, त्या विषयाचा व्यासंग असलेला आणि निवांत बसायला आलेला. तोच माणूस आज एक असतो आणि पुढच्या रविवारी दुसरा. हे वाचलं आणि आमचं घर आठवलं. जळगावला आमच्याकडे पाहुणे आले की पप्पा गांधी तीर्थला, गांधीजींवरच्या संग्रहालयात, नेतातच, जैन हिल्सवर. २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, हेही पाहुण्यांना दरवेळी सांगणार. पप्पा तिथे किमान पंधरा वेळा गेले असतील आणि एकदाही एकटे नाही.

१७ डिसेंबर

आज अख्खा दिवस एक्सेलसमोर, पण मोठी चूक हाती लागली ती इथे नीट लिहून ठेवते.

दारात उभं राहून मी जे सँपल गोळा करतेय ते मुळातच एका बाजूला झुकलेलं आहे. समजा एका गावातले १०० लोक एका संग्रहालयात जातात. त्यातले ९० वर्षातून एकदा आणि १० जण दर महिन्याला. वर्षाच्या भेटी झाल्या ९० अधिक १२०, म्हणजे २१०. आता मी कुठल्याही दिवशी दारात उभी राहिले तर माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्याहून जास्त भेटी त्या दहा जणांच्याच असणार. मी रिपोर्टात लिहीन "अर्ध्याहून जास्त लोक नियमित येतात" आणि खरं काय, दहा टक्के. रजिस्टर भेटी मोजतं, माणसं मोजत नाही. भेटींचा आकडा वाढला म्हणून माणसं वाढली असं धरता येत नाही.

उपाय साधा आहे, प्रत्येकाला विचारायचं गेल्या वर्षभरात किती वेळा आलात, आणि मोजताना त्याच्या उत्तराला त्या आकड्याने भागायचं. बारा वेळा येणाऱ्याचं वजन बाराव्या हिश्शाचं. मॅडमना फोन केला, म्हणाल्या हे आधी का नाही सुचलं आपल्याला, आणि न येणाऱ्यांना भेट आता, ते दारात भेटणार नाहीत.

२२ डिसेंबर

न येणाऱ्यांना भेटायला एसटी स्टँड, नंतर आठवडे बाजार. इथे संग्रहालय हा शब्दच आधी बाजूला ठेवावा लागला. तो शब्द तोंडातून निघाला की माणूस सावध होतो, हात जोडतो, "ताई आम्ही काय शिकेल नही." तेवढ्यावर संपतं. म्हणून मी विचारायला लागले सुट्टी मिळाली की कुठे जाता. लग्न, मुक्ताई, सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा, सप्तशृंगी, मामाचं गाव, दवाखाना. हो, दवाखाना बऱ्याच जणांनी सांगितला. सारंगखेड्याला घोडे विकत घ्यायचे नसताना दरवर्षी जाणारे दोघं भेटले. का जाता नाही विचारलं, मागच्या वर्षी काय केलं विचारलं. तर सगळे चुलतभाऊ एकत्र जातात, घोड्यांना नावं ठेवतात, किमतीवरून वाद घालतात, जेवून परत येतात. दोघं सांगता सांगता खुलले. वाद घालायला मिळतो, आपलं मत चालतं, कोणी गप्प बसवत नाही. आपल्या संग्रहालयात भिंतीवर "शांतता राखा" आणि "हात लावू नये" ह्या दोन पाट्या सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात.

एक भाजीवाल्या मावशी, साठीच्या, अहिराणीत म्हणाल्या, "तठे ज्या वस्तू ठेयेल शेतस त्या आम्हना घरमा व्हत्यात." मग कांदे तोलता तोलता उखय, मुसय (उखळ, मुसळ), जातं, सगळं कुठे असायचं ते त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं, त्यांचं अख्खं जुनं घर माझ्यासमोर उभं राहिलं. बघायला काही नाही म्हणणाऱ्या बाईजवळ सांगायला केवढं होतं.

३१ डिसेंबर

चाळीसगाव, कलामहर्षी केकी मूस यांच्या घरी. मुलाखती नाहीत, आज मी फक्त बघायला गेले होते, तारीख मुद्दाम निवडली. मूस ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. राजवाड्यांची आणि त्यांची पुण्यतिथी एकच, आणि जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा म्हणजे गांधी जयंतीचा. मुंबई, लंडन सगळं बघून आलेला पारशी माणूस चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिला आणि मग घराबाहेर पडणं जवळपास बंदच केलं. टेबलावर छोटे छोटे देखावे मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला खरी टेकडी, खरं घर वाटावं. लाकूडकाम, कागद फाडून केलेली चित्रं, सगळं त्या चार भिंतींच्या आत. रोज रात्री पंजाब मेलची वाट बघायचे, कोणीतरी येणार म्हणून, ही गोष्ट चाळीसगावात लहान मुलालाही माहिती.

मी एका टेबलटॉप फोटोसमोर किती वेळ उभी होते कळलं नाही. तिसऱ्यांदा आले मी इथे. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा मैत्रिणीला ती गोष्ट सांगायला, आणि आज कशाला? फोटोतली सावली कशी पाडली असेल ते बघायचं होतं, मागच्या वेळी मैत्रिणीने विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. हे परत येताना गाडीत लक्षात आलं. कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला मी परत आले होते.

गाडीत पाटणादेवीकडची कॉलेजची पोरं होती. त्यांना सांगितलं की तुमच्या पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा सापडलाय, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. एक जण म्हणाला आपल्याकडे शहामृग? चेष्टा करता का ताई. मग चाळीसगाव ते जळगाव फक्त प्रश्न. कुठे सापडला, कोणाच्या शेतात, कवच एवढं टिकतं कसं, आणि शेवटी बघायला कुठे मिळेल. या पाचपैकी चौघं आयुष्यात कुठल्या संग्रहालयात गेलेले नाहीत.

६ जानेवारी

'ब' मध्ये आप्पा भेटले. ही मुलाखत पूर्ण लिहितेय.

वय सत्तरच्या पुढे, यावल तालुक्यातले, केळीची बाग आता मुलगा बघतो. दीड-दोन वर्षांपासून महिन्यातून एकदा येतात. पहिल्यांदा आले ते नातवाला घेऊन, शाळेने सांगितलं होतं म्हणून. आत कोपऱ्यात लाकडी पाभर ठेवलेली होती आणि खाली पाटी, "शेतीचे अवजार". बस. आप्पा काउंटरवरच्या पोराला म्हणाले, बाबू, शेतीचं अवजार तर विळाही असतो, हिला नाव आहे. तो पोरगा चांगला निघाला, म्हणाला आप्पा मला नाही माहिती, सांगा. मग आप्पांनी त्याला आत नेऊन वर ते वाटीसारखं लाकडी चाडं दाखवलं, त्यात बी सोडतात, खालच्या पोकळ नळ्यांतून बी फणाने पाडलेल्या तासात पडतं, आणि मूठ किती ढिली ठेवायची हे हाताला कळावं लागतं, घट्ट धरली तर नळी रिकामी जाते, सैल सोडली तर बी दाट पडतं. पेरणाऱ्या बाईचा हात सगळ्या शिवारात ओळखीचा असायचा, अमकीचा हात समान आहे, असं म्हणायचे.

पुढच्या महिन्यात बँकेच्या कामाला आले तेव्हा सहज डोकावले तर पोराने पाटी बदललेली होती. हाताने लिहिलेली, पण बदललेली, पाभर, चाडं, नळ्या, सगळं. आणि त्याने आणखी तीन वस्तू दाखवल्या, आप्पा ह्या काय आहेत. त्यातली एक आप्पांनाही ओळखता आली नाही, ती विचारायला ते बहिणीच्या गावाला जाऊन आले.

मी विचारलं, "आप्पा, आता सगळ्या वस्तूंची नावं झाली, तरी येता?" म्हणाले, "पोरगा वाट पाहतो ना."

रिक्षात बसल्यावर रेकॉर्डिंग परत ऐकलं, दोनदा. माझ्या जुन्या फॉर्ममध्ये आप्पांनी टिक करावी असा एकही पर्याय नव्हता.

१५ जानेवारी

सहलींचा सिझन. 'अ' मध्ये एका सकाळी चार शाळा. पोरं रांगेत आत, रांगेत बाहेर, एका दालनाला दोन मिनिटं. पण एक गोष्ट मी आत्तापर्यंत बघितलीच नव्हती, इथला नियमित माणूस म्हणजे सर. एक पारोळ्याकडचे सर अकराव्या वर्षी आले होते. दरवर्षी नवीन पोरं, तेच सर. ते आत येऊन वस्तूंकडे बघत नाहीत, पोरांच्या चेहऱ्यांकडे बघतात, ह्या वर्षी कोण थांबलं, कुणी विचारलं. म्हणाले एका मुलीने एकदा नाण्यांसमोर वीस मिनिटं घालवली होती, ती पुढे काय झाली माहीत नाही पण मला ती जागा दिसली की ती पोरगी दिसते.

२३ जानेवारी

धुळे. दोन दिवस मुक्काम, आत्याकडे शेवभाजी. श्री समर्थ वाग्देवता मंदिरात, म्हणजे जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहात, जाऊन आले. शंकर श्रीकृष्ण देव वकिली करायचे इथे, समर्थांचे ग्रंथ आणि रामदासी मठांमधली बाडं गोळा करण्यात आयुष्य घातलं, त्यांनीच काढलेली सत्कार्योत्तेजक सभा १८९३ ची. राजवाडे पण तसेच, दप्तरांच्या मागे गावोगाव, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ ला आणि एकूण २२ खंड. एका गावात दोन असे.

'क' मध्ये एक निवृत्त कारकून भेटले, दर गुरुवारी येतात. घरात एक मोडीतला जुना कागद होता, जमिनीचा असेल म्हणून वाचून घ्यायला पहिल्यांदा आले. वाचणाऱ्याला वेळ नव्हता, चार खेपा झाल्या, पाचव्या खेपेला म्हणाले मला शिकवाच ही लिपी. आता दुसऱ्यांचे कागद ते वाचून देतात. त्यांच्या कागदात जमीन निघाली नाही, कुणीतरी उसनी ज्वारी परत केल्याची नोंद निघाली. ती सांगताना त्यांना फार आनंद होत होता.

२ फेब्रुवारी

'क' ला परत गेले तर कुलूप. चावी ज्यांच्याकडे ते लग्नाला. माझ्यासोबत दारात अजून एक कुटुंब होतं, साक्रीहून आलेलं, दोन लहान मुलं. अर्धा तास थांबून गेले. ते परत येणार नाहीत, आणि त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. हे मला फार लागलं. तिकीट किती असावं यावर आपल्याकडे चर्चा होते, पण उघडं असण्याची खात्री तिकिटापेक्षा मोठी आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयं फुकट झाली, भेटी पुष्कळ वाढल्या, पण वाढीतला मोठा भाग आधीपासून जाणारेच जास्त वेळा जायला लागले त्याचा होता. दार फुकट झालं तरी ज्याला ते आपलं वाटत नाही तो तितक्याने येत नाही.

आणि बसायची जागा! बॉस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच फोटो काढून दाखवलं होतं की काचपेट्या अशा ठेवतात की बघणाऱ्याला वाकावं, मान वळवावी लागते, आणि त्यानेच माणूस थकतो. शंभर वर्षं होऊन गेली. 'अ' मध्ये आतल्या दालनांत एकही बाक नाही, मी मोजलं. गुडघे दुखणारी माणसं तिथून निघतात ती कंटाळून नाही, पाय दुखतात म्हणून.

५ फेब्रुवारी

माझ्या सगळ्या मांडणीला छेद देणारी मुलाखत, म्हणून वेगळी लिहिते. 'ब' मध्ये एक बाई, नर्स आहेत, रात्रपाळी करून सकाळी घरी जायच्या आधी येतात, आठवड्यातून एकदा तरी. एका दगडी मूर्तीसमोर व्हरांड्याच्या कठड्यावर वीस मिनिटं बसतात. मूर्ती कोणाची, कोणत्या काळातली, विचारलं नाही आणि वाचलंही नाही. कोणाला घेऊन येत नाहीत, कोणाला काही दाखवत नाहीत. म्हणाल्या, "इथे माझ्याकडे कोणी काही मागत नाही." फॉक यांच्या यादीतला निवांत बसणारा प्रकार हाच, हे मला कळतं. पण आप्पांना कोणीतरी विचारतं म्हणून ते येतात आणि ह्यांना कोणी विचारत नाही म्हणून ह्या येतात, आणि दोघं एकाच जागी. ह्या दोघांना एका वाक्यात बसवायचं नाही, असं ठरवलंय.

११ फेब्रुवारी

आजीला विचारलं, चौधरी वाड्यात येतेस का, बहिणाबाईंचं संग्रहालय आहे. जळगावातच आहे आणि आजी आयुष्यात गेलेली नाही. बहिणाबाईंच्या ओव्या तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत, आणि तिने त्या पुस्तकातून नाही, जात्यावरच्या बायकांकडून घेतल्यात. म्हणाली, "माले काय दखाडस तू, जातावर मी आखी जिंदगी दयन दयं." म्हणजे अख्खं आयुष्य जात्यावर दळण दळलं, मला तू काय दाखवतेस. मी पुढे ओढलं नाही. हूड यांच्या ४६ टक्क्यांतला माणूस घरात आहे आणि तिचं कारण मला पटतंय. तिला न्यायचं म्हणजे दाखवायला न्यायचं नाही, एवढं आता कळलंय. मॅडमशी बोलले, 'ब' च्या लोकांशीही बोलले, जुन्या वस्तूंची अहिराणी नावं लिहून घ्यायला चार-पाच म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं, चहा, बसायला खुर्च्या, आणि गाडी आपण पाठवायची. आजीला विचारलं तर म्हणाली, "नावं सांगानी शेत ना? मंग इसू." नावं सांगायची असतील तर येईन.

२० फेब्रुवारी

४१ मुलाखती टाइप करून झाल्या, त्यातले २३ जण वर्षात तीनदा किंवा जास्त येणारे. रिपोर्टात मी टक्के देणार नाहीये, दारावरचं झुकलेलं सँपल आणि एवढी थोडी माणसं, त्यावर टक्के काढणं बरोबर नाही. मॅडमना हे पटवायला वेळ लागला, कोष्टक हवंच म्हणाल्या, शेवटी माणसानुसार तक्ता करू असं ठरलं.

वाचता वाचता जे दिसलं ते असं, की नियमित येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिथे काहीतरी करायला आहे. नावं सांगायची, कागद वाचायचा, पोरं आणायची, पाहुण्यांना फिरवायचं, कुणीतरी विचारलेलं शोधून ठेवायचं. बघून एकदा होतं. आणि जवळपास प्रत्येकाच्या गोष्टीत तिथलं एक माणूस आहे, काउंटरवरचा पोरगा, वॉचमन काका, ग्रंथालयातल्या ताई, ज्याने कधीतरी "सांगा ना" म्हटलं. त्यातले बरेच कंत्राटी आहेत, वर्षाने बदलतात. 'ब' चा तो पोरगा पण कंत्राटीच. रिपोर्टात हे मी सगळ्यात आधी लिहिणारे, नवीन दालन, लाइट, ॲप ह्यांच्या आधी. नर्सबाईंचं स्वतंत्र पान.

२७ फेब्रुवारी

आप्पा ह्या महिन्यात आले नाहीत. पोराने मलाच फोन केला, ताई तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे का. होता, मुलाखतीच्या संमतीच्या कागदावर, पण तो दुसऱ्याला द्यायचा नाही असं त्याच कागदावर लिहिलंय, म्हणून मीच लावला. बरे आहेत, गहू काढायला आलाय, मजूर मिळत नाहीत, घरचे सगळे शेतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा नातवंडं घेऊन येतो म्हणाले, पोराला सांगा. आणि विचारत होते, ती मला ओळखता न आलेली वस्तू कुठे ठेवली, बहिणीने तिचं नाव परत सांगितलंय, मागच्या वेळचं चुकलं होतं.

रिपोर्ट १५ मार्चला द्यायचाय. पाटी बदलायची आहे हे पोराला आत्ताच मेसेज केला.